हेरिटेज यादीतल्या वाड्याला मागून आधुनिक बांधकाम जोडता येतं का?

तुमचा प्रश्न असा: पुण्यातला वाडा ग्रेड ३ मध्ये (हेरिटेजच्या तीन श्रेणींतली सगळ्यात खालची) आहे, मागे दोन खोल्या वाढवायच्यात, त्या नव्या पद्धतीच्या चालतील की जुन्यासारख्याच दिसायला हव्यात, परवानगी कशी मिळते आणि खर्च किती येतो.

नव्या पद्धतीच्या चालतात. आणि ‘जुन्यासारख्याच हव्यात’ असं जो कोणी तुमच्या घरात म्हणतोय, तो आमच्या दादाचा लांबचा नातेवाईक असणार.

आमचा वाडा नारायण पेठेत. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं आणि मागचा चौक गेला. पुढची बाजू भाजक्या विटांची, ती तगली. मागच्या भिंती कच्च्या भेंड्यांच्या (न भाजलेल्या मातीच्या विटांच्या) होत्या, त्या पाण्यात बसल्या. माझा जन्म नंतरचा. मला मागचा चौक माहीत आहे तो म्हणजे मातीत रुतलेले चार तळखडे (खांबाखालचे दगड), एक पेरू आणि धुण्याचा दगड.

दादाला (माझा थोरला चुलतभाऊ) तो चौक ‘होता तसा’ उभा करायचा होता. होता तसा म्हणजे कसा, हे विचारायची सोय नव्हती. पुरावा म्हणून आत्याच्या लग्नातला एक फोटो, त्यात व्याह्यांच्या पगडीमागे अर्धा खांब. उरलेला वाडा एक कंत्राटदार पुरवणार होता: आरसीसीचे खांब, त्यावर सागाचं व्हेनियर, वर फायबरच्या महिरपी. मी म्हटलं, हा नाटकाचा सेट झाला, वाडा नाही. त्यावर दादा म्हणाला, “तू सासरी गेलेली, तुला काय करायचंय?” प्रॉपर्टी कार्डावर माझं नाव आहे. मी आठ महिने सही दिली नाही.

भांडण खरं तर एका शब्दावर होतं. ग्रेड ३ ला वाढीव बांधकाम चालतं, पण ते मूळ वास्तूशी सुसंगत हवं, तिला झाकोळणारं नको. दादाच्या मते सुसंगत म्हणजे सारखं. माझ्या मते सारखं करणं ही फसवणूक आहे. दोनशे वर्षांपूर्वीचा खांब आणि परवाचा खांब यांतला फरक माझ्या नातवाला कळायला नको? जुन्या वास्तूंच्या जतनाची तत्त्वं सांगणाऱ्या १९६४ च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेतही हेच आहे, की अगदी टाळताच येणार नाही अशी भर घालायची वेळ आली तर तिच्यावर आपल्या काळाचा ठसा दिसला पाहिजे. मी ती छापून दादाच्या हातात दिली. तो म्हणाला, “व्हेनिसला पानशेत नाही.” (व्हेनिस १९६६ ला चांगलंच बुडालं होतं, पण हे मला नेहमीप्रमाणे रात्री सुचलं.) आर्किटेक्टने इंग्लंडमधला अ‍ॅस्टली कॅसल दाखवला. तो १९७८ ला जळाला, नंतर त्याच्या पडक्या भिंतींच्या आत सरळसाधं नवं घर बांधलं, आणि २०१३ चा स्टर्लिंग पुरस्कार (ब्रिटनमधला वास्तुरचनेचा मोठा पुरस्कार) त्याला मिळाला. दादाने फोटो पाहून विचारलं, “ह्याला छप्पर कुठंय?” तसा तिथला काही भाग उघडाच ठेवलाय, त्यामुळे मला बोलता येईना.

तोडगा काढला तो पुढच्या कडीपाटाच्या (लाकडी तुळया-फळ्यांच्या छताच्या) दुरुस्तीला आलेल्या म्हाताऱ्या सुतारमामांनी. त्यांनी दोन तळखड्यांमध्ये टेप धरली: साडेपाच फूट. पुढच्या ओसरीवर धरली: साडेपाच. म्हणाले, “खण (दोन खांबांमधलं अंतर) सोडू नका. मग लोखंड लावा नाहीतर लाकूड.” सुसंगतीचा यापेक्षा चांगला अर्थ मला कुठल्या नियमावलीत सापडलेला नाही. आम्ही साध्या लोखंडी चौकोनी खांबांचा सांगाडा केला, साडेपाच फुटांवर, तळखड्यांच्या रेषेत. तळखडे जागच्या जागी आहेत. नवं छप्पर जुन्या वळचणीच्या खाली ठेवलं, त्यामुळे रस्त्यावरून काही दिसत नाही. नवी बाजू जुन्या भिंतीवर टेकवू नका. तिचा पाया वेगळा, तो वेगळा खचणार, आणि भेग जुन्या भिंतीला जाणार. आम्ही मध्ये दोन इंच फट ठेवून वर पत्र्याची पट्टी दिली. सगळे सांधे नटबोल्टचे, उद्या कुणाला नको झालं तर काढून नेता येईल.

पण नव्याचा विचार नंतर, आधी जुनी भिंत बघा. आमच्या वडिलांनी १९८७ ला पुढच्या भिंतीला हौसेने सिमेंटचा गिलावा केला होता, ‘पक्कं काम’ म्हणून. चुन्यातून ओल बाहेर पडते, सिमेंट ती आत कोंडतं. गिलावा फोडला तेव्हा भिंतीतल्या लाकडी खांबाचा खालचा हातभर भाग हाताने कुस्करत होता. तो कापून नवा सागाचा तुकडा सांधला आणि सगळीकडे चुना केला. वेळ आणि डोकं यातच जास्त गेलं.

परवानगी महापालिकेकडे मागावी लागते. आमची फाइल एकदा परत आली, चूक आमचीच. नव्या भागाचे नकाशे सुंदर आणि जुन्या भागाचा एकही मोजून काढलेला नकाशा नाही. तो आधी करून घ्या, प्रत्येक खोलीच्या फोटोंसकट.

दोन गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. एक, वाड्यात भाडेकरू असतील तर वरचं सगळं बाजूला ठेवा आणि वकील गाठा. दोन, ती दोन इंचांची फट पहिल्या पावसाळ्यात गळली. धो धो गळली. जुन्या छपराचं पाणी थेट तिच्यावर येत होतं आणि पन्हळ लहान पडली. दादा छत्री घेऊन नव्या खोलीत बसला होता, मुद्दाम. पन्हळ दुप्पट रुंद केल्यावर थांबलं.

खर्चाचा आकडा इथे लिहीत नाही. दादाचं आणि माझं त्यावर अजून एकमत नाही, आणि तो हे वाचतो.