शब्दातले आवाज ऐकायला शिकताना: पालकांचे प्रश्न

प्रश्न : मुलगा चार वर्षांचा आहे. मुळाक्षरं घडाघडा म्हणतो, पण ‘कमळ कशाने सुरू होतं?’ विचारलं की ‘पाण्याने’ म्हणतो! अक्षरं पुन्हा गिरवून घेऊ का? – एक आई, नाशिक

गिरवून घेऊ नका. तो अर्थाचा विचार करतोय आणि त्याच्या वयाला ते साजेसंच आहे. शब्दाला अर्थ असतो तसा आवाजही असतो, हे त्याला अजून उमगायचंय. वही-पेन्सिल बाजूला ठेवा आणि टाळ्या वाजवत शब्द म्हणा. ‘चिमणी’ला त्याने दोनच टाळ्या वाजवल्या, तर टोकू नका. आपण बोलताना ‘चिम्-णी’ असंच म्हणतो. तीन अक्षरं आपल्याला दिसतात ती लिहिण्याच्या सवयीमुळे. त्याचा कान अगदी बरोबर आहे.

प्रश्न : माझ्या अंगणवाडीतली मोठी मुलं ‘काकडी’तला ‘का’ ओळखतात, पण नुसता ‘क्’ त्यांना सुटा करता येत नाही. – एक अंगणवाडीताई

ताई, मुलं अगदी योग्य टप्प्यावर आहेत. अख्खं अक्षर आधी ऐकू येतं, त्याच्या आतला आवाज नंतर. आपली लिपीही व्यंजन आणि स्वर जोडूनच लिहिते, त्यामुळे ‘क्’ एकटा फारसा भेटत नाही.

तो भेटतो घरातल्या नात्यांमध्ये. काका-काकी, मामा-मामी म्हणायला लावा आणि विचारा, ‘काय बदललं? काय तेच राहिलं?’ शेवटचा ‘आ’ जाऊन ‘ई’ आला, ‘क्’ जागेवरच राहिला, हे मुलांना कानाने पकडता येतं. सुरुवातीचा आवाज सुटा करताना मात्र ‘काकडी’ घेऊ नका. ‘क्’, ‘प्’, ‘ट्’ ताणता येत नाहीत, उच्चारले की संपले. ‘स्’, ‘श्’, ‘म्’ लांबवता येतात. म्हणून ‘स्स्स्साप’, ‘म्म्म्माकड’ आधी. रोज पाच-दहा मिनिटं पुरतात.

प्रश्न : नातू इंग्रजी माध्यमात आहे, शाळेत फोनिक्स (अक्षरांचे आवाज जोडून वाचणं) शिकवतात. घरी मराठी बोलल्याने गोंधळ होईल का? – एक आजोबा

नाही, आजोबा. एका भाषेत तयार झालेला कान दुसरीतही कामाला येतो. तुम्ही मराठीच बोला, त्याच्याशी भेंड्या खेळा. फक्त ‘बॅट’चा पहिला आवाज सांगताना ‘ब’ म्हणू नका, तोडून ‘ब्’ म्हणा. नाहीतर जोडताना त्याचं ‘बअॅट’ होतं.

प्रश्न : पाच वर्षांची मुलगी ‘खार’ला ‘कार’ म्हणते. कान तपासावेत का?

आधी घरीच एक गोष्ट करून पाहा. खारीचं आणि कारचं चित्र समोर ठेवा. तिला तुमचे ओठ दिसणार नाहीत असा कागद तोंडासमोर धरा आणि ‘खार’ किंवा ‘कार’ यांतला एक शब्द म्हणा. चित्रं उलटसुलट मांडून पाच-सहा वेळा विचारा. दर वेळी योग्य चित्रावर बोट ठेवलं, तर तिला फरक ऐकू येतोय, उच्चार बसायचाय. तिचा तळहात तोंडासमोर धरून दोन्ही शब्द म्हणायला लावा. ‘ख’ म्हणताना हवेचा झोत हाताला लागतो.

बोट वारंवार चुकत असेल, सतत सर्दी असेल, कान वाहत असेल किंवा ती दर वेळी ‘काय?’ विचारत असेल, तर थांबू नका. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे नेऊन श्रवणचाचणी करून घ्या.