बाबांचं सीपॅप मशीन परत मागवलेल्यांपैकी आहे असं कळलं. वापरायचं की बंद करायचं?

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि २०२१ चा पावसाळा आठवला. नाशिकच्या सिडकोत राहणारे तुमचे बाबा, वय ६३. मामांनी २०१९ मध्ये अमेरिकेहून आणून दिलेलं फिलिप्सचं ड्रीमस्टेशन हे सीपॅप मशीन, म्हणजे झोपेत श्वास अडू नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणारं यंत्र. आता कुणीतरी सांगितलं की कॅन्सरच्या भीतीने ही मशीन्स परत मागवली होती, आणि बाबांनी चार दिवसांपासून मास्क लावणंच सोडलंय. वापरावं की फेकून द्यावं, असं विचारताय. मी डॉक्टर नाही. पण माझे मिस्टर २०१८ पासून सीपॅप लावून झोपतात आणि हाच घोर आमच्या घरी लागून गेलाय, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी या चार रात्रींबद्दल. उद्याच्या उद्या बाबांच्या छातीच्या डॉक्टरांना फोन करा, पुढच्या महिन्याच्या तपासणीची वाट पाहू नका. फाईलमध्ये स्लीप स्टडीचा, म्हणजे झोपेच्या तपासणीचा रिपोर्ट असेल, त्यावर एएचआय नावाचा आकडा शोधा. झोपेत दर तासाला किती वेळा श्वास थांबला किंवा अगदी उथळ झाला, त्याची ती मोजणी असते. ५ ते १५ म्हणजे सौम्य, ३० च्या वर गेला की तीव्र. मशीन काही दिवस बंद ठेवणं चालेल की नाही, हे या आकड्यावर, बाबांच्या हृदयावर आणि बीपीवर ठरतं. सौम्य त्रास असलेला माणूस कुशीवर, उशाशी उंची देऊन चार-आठ दिवस काढू शकेल; तीव्र असलेल्याने ते स्वतःच्या मनाने करू नये. आणि तोवर त्यांना गाडी चालवू देऊ नका. हे मी का सांगते ते पुढे येईल.

आता मूळ गोष्ट. १४ जून २०२१ ला फिलिप्सने लाखो सीपॅप, त्याच प्रकारची बायपॅप मशीन्स आणि काही व्हेंटिलेटर परत मागवायचं (रिकॉल) जाहीर केलं. कारण होतं मशीनच्या आतला काळा फोम. मोटरचा आवाज आणि थरथर दबावी म्हणून तो हवेच्या वाटेवरच बसवलेला असतो, म्हणजे नळीत जाणारी हवा त्याला लागूनच जाते. हा पॉलिएस्टर पॉलियुरेथेन फोम उष्णतेने आणि दमटपणाने विरतो. विरला की त्याचे कण सुटतात, शिवाय त्यातून काही रसायनांची वाफ निघू शकते. त्यामुळे डोकेदुखी, खोकला, घशाची जळजळ, सायनसचा त्रास होऊ शकतो असं कंपनीने म्हटलं आणि विषारी किंवा कॅन्सरकारक परिणामाची शक्यताही नोंदवली. औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकेच्या सरकारी एफडीएने या रिकॉलला पहिला वर्ग दिला, म्हणजे सर्वांत गंभीर. (आपल्याकडे एफडीए म्हटलं की राज्याचं अन्न व औषध प्रशासन डोळ्यांसमोर येतं, हे ते नव्हे.)

पहिल्या पिढीचं ड्रीमस्टेशन, २६ एप्रिल २०२१ च्या आधी बनलेलं, त्यात होतं. तुमचं २०१९ चं आहे, तेव्हा ते त्यातलंच आहे असं धरून चाला. त्यानंतर आलेलं ड्रीमस्टेशन २ या फोमच्या रिकॉलमध्ये नव्हतं. त्याच्याबद्दल एफडीएने नोव्हेंबर २०२३ मध्ये वेगळा इशारा दिला, जास्त तापणं, धूर, भाजणं याचा.

कॅन्सरबद्दल मात्र बाबांना शांतपणे सांगा. कॅनडातल्या ओंटारिओत आणि फ्रान्समध्ये हजारो रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. या कंपनीचं मशीन वापरणाऱ्यांत दुसऱ्या कंपन्यांच्या तुलनेत कॅन्सर जास्त आढळला नाही. कंपनीने परत आलेली सुमारे ६०,००० ड्रीमस्टेशन उघडून पाहिली. ओझोन वायूच्या यंत्राने साफ न केलेल्या मशीनमध्ये साधारण ०.५ टक्क्यांत फोम डोळ्यांना दिसेल इतका विरलेला होता, ओझोनने साफ केलेल्यांत ७ टक्क्यांत. एवढ्यावरून धोका नाही असं मी म्हणणार नाही, कारण कंपनीच्या तपासण्यांवर एफडीएचं समाधान झालं नाही आणि एफडीएने ऑक्टोबर २०२३ मध्ये कंपनीला आणखी चाचण्या करायला सांगितल्या. २०२१ पासून २०२३ च्या अखेरीपर्यंत एफडीएकडे १,१६,००० च्या वर तक्रारी आल्या, त्यांत ५६१ मृत्यूंचे उल्लेख होते. तक्रारीत मृत्यूचा उल्लेख असला म्हणजे तो फोममुळेच झाला असं सिद्ध होत नाही, पण इतका मोठा आकडा कुणी झटकूनही टाकू शकत नाही. पुढे २०२४ मध्ये अमेरिकेतल्या रुग्णांच्या दाव्यांपोटी कंपनीने १.१ अब्ज डॉलरची तडजोड केली, दोष मान्य न करता.

आता आमचं. मिस्टरांचं मशीन आम्ही शहरातल्या एका विक्रेत्याकडून ‘डेमो पीस आहे, नव्यासारखंच’ म्हणून घेतलं होतं. स्वस्त पडलं, आनंद झाला. २०२१ च्या जुलैत ही बातमी आली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये झाकीर हुसेन रुग्णालयातली ऑक्सिजनची गळती नाशिकने पाहिली होती, त्यामुळे श्वासाच्या यंत्रात बिघाड एवढे शब्दच पुरेसे होते. मी नळी पांढऱ्या रुमालावर झटकली. काळे ठिपके पडले, मोहरीपेक्षा बारीक. बोटाने चोळले तर ओलसर डाग उमटला. हातपाय गळाले माझे. मशीन उलटं करून नंबर बघायला गेले, तर खालचं स्टिकर खरवडलेलं. विक्रेता म्हणाला, ‘वहिनी, असंच आलं होतं.’

त्या रात्रीपासून मिस्टरांनी मशीन बंद केलं. मी शेजारी जागी. घोरणं चालू असतं तोवर बरं वाटतं, ते अचानक थांबतं तेव्हा पोटात गोळा येतो. एक, दोन, तीन करत मी मोजायचे. एकदा एकतीसपर्यंत गेले, मग पाण्यातून वर आल्यासारखा मोठा हुंदका आणि पुन्हा घोरणं. त्यांचा एएचआय ४४ आहे. दहाव्या दिवशी सातपूरहून घरी येताना एबीबी सर्कलच्या सिग्नलला ते गाडीवर बसल्या-बसल्या झोपले. हिरवा लागला, मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न मारले, शेवटी त्याने उतरून खांद्याला हलवलं. सिग्नल लाल होता म्हणून निभावलं. चालत्या गाडीवर डोळा लागला असता तर?

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी आधी आमची कानउघाडणी केली, मग स्वतः मशीन चालू करून मेनूमधल्या माहितीच्या पानावर सिरियल नंबर शोधून दिला. तो आम्ही कंपनीला कळवला. उत्तर आलं की आमचं मशीन परत मागवलेल्यांत नाही. रुमालावरचे ते ठिपके बुरशीचे निघाले. पावसाळ्यात नळी पलंगाखाली वाकवून ठेवायचो, आत पाणी साचून राहायचं. नळी आणि मास्क त्याच दिवशी बदलले.

तेव्हा एक गोष्ट माझ्या डोक्यात पक्की बसली. रिकॉलचं पत्र मशीनला येत नाही, ज्याच्या नावावर ते नोंदलंय त्याला येतं. आपल्याकडे कितीतरी मशीन्स अशी फिरतात: कुणाच्या मुलाने परदेशातून आणलेलं, कुणी वारल्यावर नातेवाइकांनी दुसऱ्याला दिलेलं, ‘डेमो’ म्हणून विकलेलं. यांना पत्र कोण पाठवणार? तुमच्या मामांनी नोंदणी केली असेल तर पत्र किंवा ईमेल त्यांच्याकडे गेला असेल, आणि जुन्या ढिगात पडला असेल. त्यांना आजच विचारा. नोंदणीच केली नसेल तर या मशीनबद्दल तुम्हाला कुणीही कळवलेलं नाही आणि कळवणारही नाही. उलटं करून तळाच्या पट्टीवरचं मॉडेल आणि सिरियल नंबर यांचा फोटो काढा आणि तो देऊन कंपनीच्या भारतातल्या ग्राहक सेवेला लेखी विचारा. फोनवरच्या ‘काही प्रॉब्लेम नाही मॅडम’वर थांबू नका, उत्तर ईमेलवर घ्या. नाक-घशाचा काही त्रास मशीनमुळे झाला असं वाटत असेल तर वैद्यकीय उपकरणांच्या तक्रारी नोंदवणारी सरकारी व्यवस्था गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडे आहे. १८००-१८०-३०२४ हा त्यांचा टोल फ्री नंबर. रुग्णाच्या घरचेही तक्रार नोंदवू शकतात.

मशीन फेकू तर मुळीच नका. बाजूच्या कप्प्यात छोटं मेमरी कार्ड असतं, त्यात बाबांना किती प्रेशर लावलंय आणि मशीन रोज किती तास चाललं याची नोंद असते. ते डॉक्टरांकडे न्या. पर्यायी मशीन भाड्याने मिळतं, पण प्रेशर डॉक्टरांनी लिहून दिलेलंच लावायचं. दुकानदाराच्या अंदाजाने नाही. आणि कुणी ‘उघडून फोम काढून देतो’ म्हणालं तर देऊ नका. फोम ओढताना त्याचे कण हवेच्या वाटेत पडतात. मध्ये जाळी किंवा फिल्टर बसवूनही रसायनांची वाफ अडत नाही.

बाबांना किंवा आईंना पेसमेकर, डोक्यातल्या रक्तवाहिनीवर ऑपरेशनमध्ये बसवलेली क्लिप किंवा शरीरात असं काही धातूचं किंवा इलेक्ट्रॉनिक बसवलेलं आहे का, हेही डॉक्टरांना सांगा. काही मास्कच्या पट्ट्यांना चुंबकाच्या क्लिपा असतात. २०२२ मध्ये फिलिप्सने आणि २०२३ मध्ये रेसमेड या दुसऱ्या कंपनीने अशा मास्कबद्दल इशारा दिला. शरीरातल्या उपकरणापासून हे चुंबक निदान सहा इंच लांब हवेत, आणि हा नियम शेजारी झोपणाऱ्यालाही लागू आहे. बिनचुंबकाचे मास्क मिळतात.

साफसफाईला ओझोनचं यंत्र कुणी सुचवलं तर नको म्हणा, वरचा ७ टक्क्यांचा आकडा त्याचाच आहे. मास्क आणि पाण्याची डबी साध्या सौम्य साबणाच्या पाण्याने रोज धुवायची, नळी आठवड्यातून एकदा, आणि नळी दोरीवर उभी टांगून वाळवायची. मागचा फिल्टरही बघा. सध्या सिंहस्थाची कामं चालू आहेत, रस्ते खणलेले आहेत, आमचा तर पंधरा दिवसांत राखाडी होतोय.

उद्या डॉक्टरांकडे जाण्याआधी आज रात्री आईंना एक काम सांगा: बाबा झोपल्यावर अर्धा तास मोबाईलवर त्यांच्या श्वासाचं रेकॉर्डिंग करून ठेवायचं. ‘मला काही होत नाही’ म्हणणाऱ्या माझ्या मिस्टरांना मी ते ऐकवलं होतं. शेवटपर्यंत ऐकलं, काही बोलले नाहीत, आणि उठून चपला घातल्या.