इंग्रजीत ‘ओन्ली’चा अर्थ काय आणि तो वाक्यात कुठे लिहावा?

अर्थ फक्त, केवळ. जागा म्हणाल तर ज्या शब्दाला तो लागू करायचा त्याच्या आधी. ‘ओन्ली रमा केम’ म्हणजे रमाच आली. ‘रमा एट ओन्ली राइस’ म्हणजे तिने भातच खाल्ला. आपला ‘च’ शब्दाच्या शेवटी चिकटतो, त्यांचा ‘ओन्ली’ आधी येतो. सगळा घोळ तिथेच.

1989 साली बँकेत क्लार्क असताना बढतीच्या मुलाखतीला मुंबईला गेलो होतो. कधी आलात, असं इंग्रजीत विचारलं. मनात ‘कालच आलो’ होतं, तोंडून निघालं, ‘आय केम यस्टरडे ओन्ली.’ मधल्या साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ‘म्हणजे त्याआधी मुंबईला कधी आलाच नाहीत?’ शेजारचे दोघं हसले. पुढचे प्रश्न कर्जखात्यांचे होते, रोजच्या कामातले. पण माझी जीभ उचलेना. रुमाल पिळत बसलो. ती बढती गेली.

शाखेत परत आल्यावर टेबल तेच, ड्राफ्टचं. दिवसभर लिहायचं, ‘रुपीज फोर थाउजंड ओन्ली’. मागून कुणी ‘फाइव्ह हंड्रेड’ जोडू नये म्हणून तो शेवटी. चेक-हुंड्यांच्या 1881च्या कायद्याप्रमाणे चेकवर आकडा आणि अक्षरं जुळली नाहीत तर अक्षरी रक्कम धरतात, म्हणून ही काळजी. हा शेवटचा ‘ओन्ली’ त्या साहेबांनीही आयुष्यभर सही करून पुढे पाठवला असणार. तिथे अर्थ कळतो, मग माझ्या वाक्यात का कळू नये?

फाउलर या इंग्रज कोशकारानेही 1926मध्ये ‘ओन्ली’ उचलून काटेकोर जागी ठेवायला लावणाऱ्यांना फटकारलं होतं. अर्थ स्पष्ट असेल तर बोलण्याच्या ओघात येईल तिथे येऊ द्या, असं त्याचं म्हणणं. त्याचा वाद क्रियापदाआधीच्या ‘ओन्ली’चा होता, वाक्याच्या शेवटच्या नव्हे, हे मला मान्य आहे.

आणखी एक. ‘च’ नुसता जोर द्यायलाही येतो, ‘ओन्ली’ तसा येत नाही. ‘तूच सांग’चं ‘यू ओन्ली टेल’ करू नका. ‘कालच’ला ‘जस्ट यस्टरडे’ किंवा ‘ओन्ली यस्टरडे’ म्हणा.

परीक्षेत आणि करारात नियम पाळा, तिथे जागा चुकली तर अर्थ बदलतो. पण उद्या तुम्ही मुलाखत घ्यायला बसलात आणि समोरचा ‘यस्टरडे ओन्ली’ म्हणाला, तर त्याला तिथे अडवू नका. कर्जखात्यांचं विचारा.