जिप्सीची चासी दुरुस्त करावी की नवी गाडी घ्यावी?

रत्नागिरीजवळच्या एका बागायतदार वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा: २००४ ची मारुती जिप्सी आहे, बागेतला कच्चा रस्ता आणि आंब्याच्या पेट्या यांसाठीच ती वापरतो. मागच्या चाकांवर चासी, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, गंजली आहे आणि पाट्याचा हँगर (स्प्रिंगचे पाटे चासीला धरून ठेवणारा भाग) सुटत आलाय. गॅरेजवाल्याने १ लाख १० हजार सांगितले. ३ लाखांची ठेव मोडून काम करू, की आहे तशी गाडी १ लाख ८० हजारांना देऊन ९ लाखांच्या कर्जावर नवी जिम्नी घेऊ?

आधी कर्जाचं बघू. साडेनऊ टक्क्यांनी ७ वर्षांसाठी ९ लाख घेतले तर हप्ता साधारण १४,७०० रुपये बसतो आणि व्याजापोटी ३ लाख ३५ हजारांच्या आसपास जातात. पण मला खटकतं ते व्याजापेक्षा वेगळंच. तुमचा पैसा येतो एप्रिल-मेमध्ये. हप्ता मात्र श्रावणातही कापला जातो, आणि मोहोर गळाला म्हणून बँक थांबत नाही. शिवाय खाऱ्या हवेत जिम्नीची चासीही गंजणारच, ती काही वेगळ्या लोखंडाची नाही.

म्हणून माझा कल दुरुस्तीकडे आहे, पण १ लाख १० हजार या आकड्यावर विश्वास ठेवून नव्हे. जिप्सीची चासी पोकळ पेटीसारखी असते. चिखल-पाणी आत साचतं आणि गंज आतून बाहेर येतो, त्यामुळे वरून दिसतो त्यापेक्षा तो नेहमी जास्त असतो. गाडी रॅम्पवर घेऊन तुमच्यासमोर हातोडीने ठोकायला सांगा. चांगला पत्रा खणखणतो, कुजलेला बद्द वाजतो. शंका येईल तिथे पेचकस दाबून बघा. फक्त मागचा भाग, हँगर आणि एखादा क्रॉस मेंबर (चासीचा आडवा दांडा) गेला असेल तर काम करा. पुढे इंजिनाखाली किंवा स्टिअरिंग बॉक्स बसतो तिथेही पेचकस आत गेला, तर थांबा आणि १ लाख ८० हजार घेऊन मोकळे व्हा. अंदाजपत्रक काहीही येवो, दीड लाखाच्या वर जायचं नाही.

गंजलेल्या पत्र्यावर पॅच मारून वर काळा रंग देणारे पुष्कळ आहेत. तसल्या कामाला पैसे देऊ नका. कुजका भाग कापून त्याच जाडीचा पत्रा सीओटू वेल्डिंगने बसवायचा आणि पोकळीत आतून गंजरोधक वॅक्स मारायचं, हे बिलात वेगवेगळं लिहून घ्या. चासी नंबर कोरलेला भाग कापू देऊ नका. तो गेला की आरटीओत नोंदणीचं पुढचं नूतनीकरण अडतं. तुमचं ते २०२९ मध्ये येईल. वीस वर्षांवरच्या गाडीला नूतनीकरणाचं शुल्क आता १०,००० रुपये आहे, पर्यावरण कर निराळा. विम्याकडून आशा नको, गंज आणि झीज पॉलिसीत धरत नाहीत.

ठेव मोडू नका. मुदतीआधी मोडली तर दंडही जातो आणि दरही कमी धरला जातो. त्याच ठेवीवर ओव्हरड्राफ्ट घ्या, म्हणजे ठेव तारण ठेवून लागतील तेवढेच पैसे उचला. बँका ठेवीच्या दरापेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त लावतात. साडेआठ टक्क्यांनी सव्वा लाख सहा महिने वापरले तर व्याज साडेपाच हजारांच्या आत राहील, आणि इकडे ठेवीचं व्याज चालूच. नोव्हेंबरात उचला, मेमध्ये आंब्याच्या पैशातून फेडा.

नोव्हेंबर म्हणायचं कारण, पावसाळी दमट हवेत रंग आणि वॅक्स नीट धरत नाहीत. तोवर गाडीत पेट्या, खताच्या गोणी काही भरू नका. हँगर तुटला तर मागचं चाक जागेवर राहत नाही. माल भाड्याच्या टेंपोतून न्या आणि ते भाडंही दुरुस्तीच्या खर्चातच धरा.

या खर्चाने गाडीची किंमत फारशी वाढणार नाही, विकताना एवढे सुटतील असं मनात ठेवू नका. गॅरेजवाल्याचे १ लाख १० हजार धरले तर हे जिम्नीच्या साडेसात हप्त्यांचे पैसे आहेत. त्यात गाडी २०२९ पर्यंत बागेत गेली तरी मला पुरेसं वाटतं.