आधी षड्ज लावा

ताई, शास्त्रीय गाण्याची सुरुवात कशी करायची विचारलंत, तर पहिला महिनाभर फक्त सा, म्हणजे षड्ज, लावा. कंटाळा येईल, तरी लावा. तानपुरा सुरू ठेवून लांब श्वासात स्वर धरा. आपला आवाज त्या नादात विरघळून वेगळा ऐकू येईनासा झाला, की सा लागला. मग पंचम, म्हणजे प. हे दोन्ही अचल, म्हणजे कोमल-तीव्र न होणारे, स्वर आहेत, बाकीचे त्यांच्याच आधारानं जागेवर बसतात. त्यानंतर बिलावल थाटाचे (सगळे स्वर शुद्ध असलेल्या सप्तकाचे) 7 शुद्ध स्वर, सावकाश.

नवखे हमखास इथे चुकतात:
- दुसऱ्याची पट्टी (सा धरायची उंची) घेतात. मंद्र (खालच्या सप्तकातला) पंचम आणि तार (वरच्या सप्तकातला) सा दोन्ही न ताणता लागतील, ती तुमची पट्टी.
- प्रत्येक स्वराला पेटी दाबतात. त्यानं कान आळशी होतो.
- अवरोहात घाई करतात, मग ग आणि रे उतरतात.

कोमल रे, ग, ध, नी आणि तीव्र म सध्या राहू द्या. श्रुतींचं, म्हणजे स्वरांमधल्या सूक्ष्म अंतरांचं, तर खूप नंतर बोलू.