स्वतः बांधलेल्या लिनक्समध्ये जुन्या रेडमी २ चं वायफाय का दिसत नाही?

तुमच्या प्रश्नावरून मला कळलं ते असं: कर्नल (लिनक्सचा गाभा) पोस्टमार्केटओएसचा, म्हणजे जुन्या फोनसाठीच्या तयार लिनक्सचा, आणि बाकीची छोटी प्रणाली तुम्ही बिल्डरूट या साधनाने बांधलेली. यूएसबीवरून एसएसएचने फोनमध्ये लॉगिन होतं, पण वायफायचा इंटरफेसच येत नाही. याच फोनवर अख्खं पोस्टमार्केटओएस टाकलं होतं तेव्हा मात्र वायफाय चालत होतं. आणि फोन गोव्यात सावईवेऱ्याच्या कुळागरात (नारळ-सुपारीच्या बागेत) पंपावर नजर ठेवायला लावायचा आहे.

मी वेर्ण्याला एम्बेडेड (छोट्या उपकरणांतल्या) लिनक्सचंच काम करतो. तुम्ही पासवर्ड आणि डब्ल्यूपीए सप्लिकंटच्या (वायफायला पासवर्ड देऊन जोडणाऱ्या प्रोग्रॅमच्या) फाइलशी झटापट करताय, ती आधी थांबवा. 'डब्ल्यूलॅन ०' हा वायफायचा इंटरफेस दिसतच नसेल तर पासवर्ड विचारणार कोण?

रेडमी २ मध्ये स्नॅपड्रॅगन ४१० ही चिप आहे. तिचं वायफाय चिपच्या आतलाच एक वेगळा छोटा प्रोसेसर सांभाळतो आणि त्याला स्वतःचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्यात भरायचा प्रोग्रॅम, लागतं. ते फोनच्या स्टोरेजच्या 'मोडेम' नावाच्या भागात (पार्टिशनमध्ये) असतं: 'डब्ल्यूसीएनएसएस' नावाची एक एमडीटी फाइल आणि तिचे बी००, बी०१ असे तुकडे. पोस्टमार्केटओएसमध्ये बूट होताना ते पार्टिशन माउंट करून (वापरायला उघडून) फाइली जागेवर जोडून देणारी एक स्क्रिप्ट असते. कर्नल उचललात, ती स्क्रिप्ट मागे राहिली. माझ्या मते तुमची गाडी इथेच अडली आहे.

डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदींत) या 'डब्ल्यूसीएनएसएस' फाइलच्या नावापुढे -२ दिसतं का बघा. -२ म्हणजे फाइल सापडली नाही, बस. मात्र 'रेग्युलेटरी डॉट डीबी' (देशोदेशीच्या वायफाय नियमांची फाइल) या नावापुढेही -२ येतं आणि लोक तिच्याच मागे लागतात. ती नसली तरी वायफाय जोडलं जातं, तिला नंतर बघू.

मोडेम पार्टिशन फक्त वाचण्यापुरतं माउंट करा आणि सगळे तुकडे फर्मवेअरच्या फोल्डरमध्ये, कर्नल मागतो त्याच वाटेवर कॉपी करा. फाइली तुमच्याच फोनमधल्या हव्यात. मित्राच्या दुसऱ्या कंपनीच्या फोनमध्ये तीच चिप असली तरी त्याच्या फाइली चालतीलच असं नाही, कारण फर्मवेअरवर कंपनीची सही असते आणि चिप ती तपासते. -२ जाऊन -२२ (अमान्य) आलं तर पहिला संशय याच सहीवर घ्या.

आणखी एक फाइल लागते, नावाच्या शेवटी 'एनव्ही डॉट बिन' असलेली. रेडिओचं कॅलिब्रेशन, म्हणजे तुमच्या फोनपुरती जुळवणी, तिच्यात असतं. ती 'पर्सिस्ट' पार्टिशनमध्ये शोधा. नेटवर मिळणाऱ्या सरसकट फाइलनेही वायफाय सुरू होतं, पण रेंज बेताची मिळू शकते आणि तुम्हाला तर माडा-पोफळींमधून सिग्नल न्यायचा आहे.

फाइली जागेवर आहेत आणि तरी -२ येतंय? मग त्या छोट्या प्रोसेसरला उठवणारा ड्रायव्हर कर्नलमध्येच पक्का बसवलेला असणार. रूट फाइलसिस्टम माउंट व्हायच्या आधीच तो फर्मवेअर मागतो आणि हात हलवत परततो. त्याला मॉड्यूल (नंतर लोड होणारा वेगळा तुकडा) करा. तात्पुरतं तपासायचं असेल तर बूट झाल्यावर सिसएफएसमधल्या (कर्नलच्या सेटिंग्ज फाइलींसारख्या दाखवणाऱ्या '/sys' फोल्डरमधल्या) रिमोटप्रॉकच्या, म्हणजे या छोट्या प्रोसेसरच्या, 'स्टेट' फाइलमध्ये 'स्टार्ट' लिहा. तीच फाइल वाचल्यावर 'रनिंग' आलं की प्रोसेसर उठला. त्यानंतर 'डब्ल्यूसीएन३६एक्सएक्स' हा ड्रायव्हर लोड झाला की इंटरफेस येतो आणि पुढचं सप्लिकंट, डीएचसीपी (आयपी पत्ता मिळवणं) वगैरे कुठल्याही लिनक्ससारखंच.

नेटवर्कच्या यादीत घरचं नाव दिसलं नाही तर पुन्हा फर्मवेअर उकरू नका. या फोनला फक्त २.४ गिगाहर्ट्झ कळतं, त्यामुळे राउटरवर ५ चाच बँड चालू असेल तर यादी कोरीच राहणार. कुळागरासाठी २.४ बराच आहे म्हणा, ओल्या पानांतून तो ५ पेक्षा बरा जातो. तरी जूनमध्ये भर पावसात एकदा तपासून घ्या, मे महिन्यातल्या रेंजवर विसंबू नका. आणि फोन पंपाच्या स्टार्टरच्या लोखंडी पेटीत ठेवायचा विचार असेल तर तो सोडा, पत्र्यातून सिग्नल बाहेर येत नाही. बाहेर प्लास्टिकच्या डब्यात ठेवा, वायर खालून घ्या म्हणजे पाणी वायरीवरून आत ओघळणार नाही.