अंडी कोणाची, पिल्ले कोणाची?

प्रश्न : शेणखताचा ढीग उपसताना पंधरा-सोळा पांढरी, लांबट अंडी एकमेकांना चिकटलेली सापडली. सापाची असतील का? दुसरीकडे नेऊन ठेवली तर चालेल? (एक वाचक, कराड)

उत्तर : वर्णनावरून सापाचीच वाटतात. सापाच्या अंड्याचे कवच चामड्यासारखे लवते. पालीचे अंडे वाटाण्याएवढे, गोल आणि टणक असते. साप कोणता, हे नुसत्या अंड्यावरून ठरवू नका. कुजत्या ढिगात ऊब आणि ओल आयती मिळते, म्हणून नागही तिथे अंडी घालतो आणि धामणही. त्यात नागाची मादी बहुधा अंड्यांपाशीच थांबते. तेव्हा ढिगात हात घालू नका.

हलवायचे मात्र टाळाच. कोंबडी आपली अंडी उबवताना फिरवत असते. सापाच्या अंड्याला ते चालत नाही. अंडी घातल्यावर एक-दोन दिवसांत गर्भ वरच्या बाजूला, कवचाच्या आतल्या पापुद्र्याला चिकटतो. अंडे उलटले की बलकाचा भार त्याच्यावर येतो आणि तो मरू शकतो. गड्डा सोडवायला गेलात तर कवचे फाटतात. खत हलक्या हाताने परत वर लोटा आणि तो ढीग दोनेक महिने सोडून द्या. घराला अगदी खेटून असेल तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. हलवणारा जाणता असेल तर आधी प्रत्येक अंड्याच्या वरच्या बाजूला शिसपेन्सिलीने खूण करतो आणि ती बाजू वरच राहील असे ठेवतो. घरी उबवायचा विचार सोडा, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ते बसत नाही.

पुढे कवचावर चिरा दिसतील. पिल्लाच्या वरच्या ओठाशी असलेल्या इवल्याशा अंडदाताने त्या पडतात. डोके बाहेर काढून पिल्लू बराच वेळ तसेच बसते. अडकलेले नसते ते, उरलेला बलक पोटात घेत असते. ओढून काढू नका. आणि नागाचे पिल्लू पहिल्या दिवसापासून विषारी असते.

प्रश्न : विषारी साप पिल्ले देतात आणि बिनविषारी अंडी घालतात, हे खरे का? (एक वाचक, मालवण)

उत्तर : नाही. आपल्याकडच्या चार मुख्य विषारी सापांतच निम्मे-निम्मे आहे : नाग आणि मण्यार अंडी घालतात, घोणस आणि फुरसे पिल्ले देतात. (आफ्रिकेत फुरशाचे काही भाऊबंद अंडी घालतात, ते वेगळे.) उलट मांडूळ बिनविषारी, तरी पिल्ले देते. अजगर अंडी घालतो, पण मादी भोवती वेटोळे घालून बसते आणि गारठा वाढला की अंग थरथरवून ऊब देते.

घोणशीच्या पोटात गर्भाभोवती टणक कवच नसते, पातळ पापुद्रा असतो. मादी उन्हात पडून गर्भाला ऊब देते. पिल्ले त्या पापुद्र्यात गुंडाळलेली बाहेर येतात आणि लगेच तो फाडतात. एका वेळी वीस-चाळीस असू शकतात. म्हणून उन्हाळ्याच्या शेवटी किंवा पावसाच्या तोंडाला अंगणात वीतभर घोणस दिसली तर आणखीही असतील असे धरूनच चला.

प्रश्न : धामण ही नागाची मादी असते का?

उत्तर : नाही. दोन जाती वेगळ्या, दोन्हींत नर-मादी असतात. शरीर उंचावून एकमेकांना पीळ घालणाऱ्या ज्या धामणींना लोक 'जुगलेल्या' म्हणतात, ते बहुतेकदा झुंजणारे दोन नर असतात. नर नसलेली जात हवीच असेल तर कुंडीच्या मातीतला गांडुळासारखा वाळा बघा. त्याच्या सगळ्या माद्याच, आणि नराशिवाय अंडी घालतात. कुंडीतून एक जरी गेला तरी नवी वस्ती उभी राहते.